लोणार : एसटीने जावं, पायांनी पाहावं

लोणारचं सरोवर तुम्ही पुस्तकात नक्की पाहिलं असेल. वरून काढलेला फोटो, गोल गरगरीत खड्डा आणि मधोमध हिरवट पाणी. भूगोलाच्या पेपरात ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये लोणारचं नाव लिहून एखादा गुणही मिळवला असेल. पण ‘या सुट्टीत आपण लोणारला जाऊ या का?’ असं घरी विचारून बघा बरं! हमखास पहिला प्रश्न येतो, ‘गाडीचं काय?’ ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांचा बेत तिथेच संपतो.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. लोणारच्या विवरात गाडी उतरतच नाही! मोटार कितीही झकपक असो, ती वरच्या कडेपर्यंत येणार आणि तिथे थांबणार. पुढे सगळे सारखे. ज्याचे पाय चालतात त्याला लोणार दिसतं, आणि जो कडेवरून फोटो काढून परत फिरतो त्याला पुस्तकातलाच फोटो पुन्हा एकदा मिळतो.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, तालुक्याचं गाव आहे. गावात रेल्वे येत नाही, पण एसटी येते. मराठवाड्याच्या बाजूने येणाऱ्यांना रेल्वेने जालन्यापर्यंत यायचं आणि तिथून बस धरायची, हे सोपं पडतं. छत्रपती संभाजीनगरहून (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून) येणारेही जालन्यावरूनच येतात. विदर्भातून येत असाल तर मेहकरला उतरा. मेहकर ते लोणार हे अंतर साधारण २५ किलोमीटर. थेट बस मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर जालना-मेहकर रस्त्यावर सुलतानपूर नावाचं गाव लागतं, तिथे उतरून लोणारकडे जाणारी बस किंवा काळी-पिवळी बघायची. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारी मंडळी खामगाव, मेहकर असं करत लोणारला येऊ शकतात.

एसटीच्या प्रवासाचं गणित आई-बाबांना जरूर सांगा. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धंच तिकीट आहे, म्हणजे आई, ताई आणि मावशी बरोबर असतील तर खर्च आणखी कमी! ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तर एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे. तुमच्या वर्गाची सहल न्यायची असेल तर शाळेने एसटीकडे मागणी करावी, शालेय सहलींना निम्म्या दराने गाडी मिळते. आणि ज्यांना लोणार, सिंदखेड राजा, शेगाव असं सगळंच एका फेरीत करायचंय, त्यांच्यासाठी ‘आवडेल तेथे प्रवास’ हा एसटीचा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. हा पास १९८८ पासून आहे, पण तो किती लोकांना ठाऊक असतो कोण जाणे!

लोणारच्या स्टँडवर उतरलात की सगळ्यात आधी चौकशीच्या खिडकीपाशी जा आणि परतीच्या बसच्या वेळा वहीत लिहून घ्या. शेवटच्या बसची वेळ दोनदा विचारा. मग पाठीवर सॅक अडकवा आणि चालायला लागा. विवराची कड गावाला लागूनच आहे. रिक्षा मिळते, पण पाय मोकळे करायला हे अंतर बरं.

गावातून चालताना समोर एवढं मोठं विवर आहे असा संशयसुद्धा येत नाही. सपाट रान, शेतं, बाभळी, आणि मग जमीन थोडीशी वर चढते. ही चढण नीट लक्षात ठेवा, तिच्यात मोठी गंमत आहे. चढण संपते आणि एकदम पायाखालची जमीनच नाहीशी होते! समोर प्रचंड मोठी वाटी, उतारावर दाट झाडी आणि खाली, खूप खाली, तळं.

आता त्या चढणीची गंमत. विवराच्या कडेची जमीन आजूबाजूच्या रानापेक्षा साधारण २० मीटर उंच आहे. का बरं? चिखलात जोरात दगड मारून बघा. खड्डा पडतोच, पण खड्ड्याभोवती चिखलाची एक कडही वर उचलली जाते. लोणारला चिखल नव्हता, दगड होता. आपला काळा कातळ, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून महाराष्ट्राचा हा काळा पाया तयार झाला. त्यावर आकाशातून येऊन आदळला एक अशनी. (आकाशातच जळून जाते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी, बरं का!) त्या धक्क्याने कातळाचे थर उलटेपालटे झाले, कडेला वर उचलले गेले आणि उडालेला राडारोडा चहूकडे लांबवर पसरला. आपण गावातून चालत आलो ती चढण म्हणजे ही वर उचललेली कड आणि तिच्यावर पडलेला तो राडारोडा. गाडीत बसलेल्याला ही चढण कळत नाही, कारण ती गाडीचं इंजिन चढतं. तुमच्या पोटऱ्यांना मात्र ती बरोबर कळते. कडेवर उघडे पडलेले खडक दिसले तर थांबून पाहा. त्यांचे थर विवराच्या बाहेरच्या बाजूला कललेले दिसतील.

असा अशनी किती वेगाने येत असेल? सेकंदाला १२ किलोमीटर एवढाच वेग धरला तरी मेहकर ते लोणार हे अंतर तो दोन-सव्वादोन सेकंदांत कापेल. तुमची एसटी थांबे घेत घेत पाऊण-एक तास लावते. ते बरंच म्हणायचं.

आता थोडं गणित करू या, म्हणजे चालायचं किती ते कळेल. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. परीघ काढायचा तर ३.१४ ने गुणा. उत्तर येतं ५.६५ किलोमीटर. खालच्या तळ्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे काठाकाठाने फेरी साधारण पावणेचार किलोमीटर. तुमचं एक पाऊल ६० सेंटिमीटरचं धरलं तर कडेवरची पूर्ण प्रदक्षिणा साडेनऊ हजार पावलांच्या आसपास भरेल. अर्थात ती पूर्ण करायलाच हवी असं नाही. काही ठिकाणी काटेरी झुडपं आहेत, काही ठिकाणी वाट सुटते. कडेवरून अर्धा-पाऊण तास चाललात तरी तळं तीन-चार वेगवेगळ्या बाजूंनी दिसतं, आणि ‘गोल’ म्हणजे किती गोल ते कळतं. कडेपासून पाणी जवळजवळ १३७ मीटर खाली आहे. चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आत ठेवली तर तिची गच्ची तुमच्या पायांशी येईल!

हे विवर अशनीनेच झालं, हे शास्त्रज्ञांना सहजासहजी पटलं नव्हतं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ सगळे हा ज्वालामुखीचाच प्रताप समजत होते. काळा कातळ ज्वालामुखीचा, मग खड्डाही त्याचाच असणार, असा सरळ हिशेब. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात असंच एक विवर आहे. गिल्बर्ट नावाच्या मोठ्या भूशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्या विवराची आणि आपल्या लोणारची सांगड घातली, पण दोन्ही ज्वालामुखीच्या खात्यात टाकली. अखेर तळ्याच्या तळाला खोल छिद्रं पाडून खालचा खडक वर काढला गेला. त्यात खनिजांची काच झालेली सापडली, जी फक्त प्रचंड धक्क्याच्या दाबानेच तयार होते. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून हे जाहीर केलं आणि वाद मिटला.

विवराचं वय मात्र अजून चर्चेत आहे. तुमच्या जुन्या पुस्तकात ५० किंवा ५२ हजार वर्षं असं असेल. २०१० साली वेगळ्या पद्धतीने मोजमाप झालं तेव्हा उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं! दहापटीहून जास्त फरक. तेव्हा परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहा, पण मनात दुसरा आकडाही ठेवा.

आणि एक सांगायचं राहिलं. चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो ना, ते काळे डाग बेसाल्टचेच आहेत. मंगळावरही बराचसा बेसाल्टच. म्हणून बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं नीट टिकून राहिलेलं हे विवर जगभरच्या शास्त्रज्ञांना हवं असतं. चंद्रावर जाऊन विवर बघायचं तर रॉकेट लागतं. इथे एसटी पुरते.

चला, आता खाली उतरू. उतरण्याआधी वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि ते सांगतील त्याच वाटेने जायचं. लोणार हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. जून २००० मध्ये ते जाहीर झालं आणि पसारा जेमतेम साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटरचा. ताडोबात किंवा मेळघाटात जंगल पाहायला जीपमध्ये बसावं लागतं, कारण तिथे वाघ आहे. इथे जंगल एवढंसं आहे की ते चालतच पाहायचं.

कडेजवळच ‘धार’ आहे. गोमुखातून बारा महिने पडणारं गोडं पाणी. शेकडो वर्षं लोक इथे स्नानाला येतात, जुन्या देवळांचा सगळा मेळा इथे जमला आहे. हे पाणी खाली वाहत जातं आणि तळ्याला मिळतं. आता इथे एक प्रयोग करायचा, आणि त्याची तयारी घरूनच करून न्यायची.

साध्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. हळद थोड्या पाण्यात कालवून पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी लावा आणि सावलीत वाळवा. झाल्या तुमच्या परीक्षापट्ट्या! एक पट्टी धारेच्या पाण्यात बुडवा. ती पिवळीच राहील. दुसरी जपून ठेवा आणि खाली पोहोचल्यावर, बरोबरच्या वनरक्षकाला किंवा वाटाड्याला विचारून, तळ्याच्या पाण्यात टोक बुडवा. लालसर झाली ना? शर्टावर वरणाचा डाग पडला आणि आईने साबण लावला की तो डाग लाल होतो, तेच हे! साबण अल्कधर्मी असतो, आणि लोणारचं पाणीही तसंच आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, लोणारच्या पाण्याचा १०च्या आसपास मोजला गेला आहे. पट्टीवर लिंबाचा थेंब टाकलात तर ती पुन्हा पिवळी होईल. पट्ट्या मात्र खिशात घालून परत आणायच्या, तिथे टाकायच्या नाहीत. का, ते पुढे येतंय.

गोडी धार अखंड आत पडते, पावसाचं गोडं पाणी आत उतरतं, मग तळं खारं कसं? उत्तर तुम्ही उभे आहात त्या जागेच्या आकारातच आहे. वाटीला बाहेर जायला वाट नाही. पाणी आत येतं, पण एकही ओढा इथून बाहेर जात नाही. पाणी जातं ते फक्त वर, वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. कातळातून झिजून आलेले क्षार हजारो वर्षं आतच साचत आले आहेत. चहाचं भांडं गॅसवर विसरल्यावर बुडाला काय उरतं ते आठवा.

हे क्षार पूर्वी मोठा व्यवहार होता. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या भागाचं वर्णन करताना काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, असं नोंदवलं आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षाराचे थर पडत, ते खरवडून विकले जात.

आजी-आजोबांना विचाराल तर ते वेगळी गोष्ट सांगतील. लवणासुर नावाचा राक्षस इथे जमिनीखाली लपून बसला होता. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, त्याची बीळ शोधून काढलं, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. झाकण दूर जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. तळ्यातलं पाणी म्हणजे राक्षसाचं रक्त, आणि मीठ म्हणजे त्याचं मांस. ‘लवण’ म्हणजे मीठच, नाही का! ही गोष्ट कुणी रचली ते माहीत नाही, पण ज्याने रचली त्याची नजर दाद देण्याजोगी आहे. इथून काहीतरी फार मोठं उडून बाहेर पडलं आहे, हे त्याने कडेवर उभं राहून ओळखलं असणार.

उतरताना झाडं कशी बदलतात ते बघत चला. उतारावर साग, पळस, सीताफळ. खाली बाभळी. अगदी काठाशी पोहोचलात की झाडं मागे राहतात आणि उरतो तो पांढरट, चिकट चिखल. इथली माती इतकी खारी की फार थोड्या वनस्पती तिथे तग धरतात. नाकाला सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो कचऱ्याचा नाही, चिखलात हवेशिवाय जगणारे जीवाणू तो वायू सोडतात. चिखलात पाय घालू नका. वरून कोरडा दिसतो आणि घोट्यापर्यंत गिळतो.

पाणी हिरवं दिसतं ते त्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे. पण जून २०२० मध्ये एक नवल घडलं. तळं गुलाबी झालं! टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात होते आणि फोटो मात्र जगभर फिरले. कुणी म्हणे चमत्कार, कुणी म्हणे विष कालवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, पाण्याचे नमुने नागपूरला आणि पुण्याला तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारटपणातच मजेत राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव भराभर वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला ‘रामसर’ यादीत जागा मिळाली. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या कराराप्रमाणे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी केली जाते. महाराष्ट्रातून नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर पहिलं आणि लोणार दुसरं.

काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे मोठी गर्दी होते. जवळच एक विहीर आहे, तिला ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. गोडी कोण आणि खारी कोण, हे विचारलं तर मात्र प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो! पाणी चढलेल्या वर्षी काठावरची काही देवळं पाण्यात उभी असतात आणि काठाची वाट मध्येच बुडालेली असते. अशा वेळी पुढे जाण्याचा हट्ट धरायचा नाही.

आवाज न करता चाललात तर मोर दिसतोच. नाही दिसला तर ऐकू येतो, आणि विवराच्या भिंतींमुळे तो आवाज भलताच घुमतो. वानरं आहेत, घोरपड आहे, हिवाळ्यात बाहेरगावची बदकं उतरतात. रामसरच्या नोंदीत इथल्या पक्ष्यांच्या १६० जाती आहेत आणि लांडगासुद्धा आहे. तो दिवसाढवळ्या तुमच्यासमोर येईल, अशी आशा किंवा भीती धरू नका. वानरांना मात्र काही खायला देऊ नका. एकदा चटक लागली की ती पुढच्या मुलांच्या सॅक ओढतात.

आता त्या पट्ट्यांचं. वाटीला बाहेर जायला वाट नाही, हे आपण पाहिलं. म्हणजे आत जे जाईल ते आतच राहणार. क्षार राहिले, तसं बाकीचंही राहतं. गावातलं सांडपाणी ओघळत तळ्यात येत होतं. विवरात पूर्वी शेती व्हायची, केळीच्या बागा होत्या, त्यांची खतं आणि औषधं पावसाबरोबर खाली जात. वेडी बाभूळ नावाचं परदेशी झाड काठावर इतकं माजलं की बाकीच्या झाडांना जागाच उरली नाही. यासाठी लोक न्यायालयात गेले, कित्येक वर्षं सुनावण्या झाल्या. शेती थांबली, वेडी बाभूळ मोठ्या प्रमाणात काढली गेली, सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था करायला लावली गेली. तरी हे काम एकदाचं संपलं असं होत नाही, कारण वरती गाव आहे आणि गाव वाढतंय. हॅलोआर्किया आणि हिरवं शेवाळ या पाण्यात जगतात ते पाणी असं खारट, अल्कधर्मी आहे म्हणून. त्यात साबणाचं, गटाराचं, खताचं पाणी मिसळत गेलं तर तळं दिसायला तळंच राहील, पण लोणारचं राहणार नाही.

नदीत टाकलेली पिशवी निदान वाहून जाते, म्हणजे दुसऱ्याच्या माथी जाते. इथे तीही सोय नाही. तुम्ही टाकलेलं कुरकुऱ्याचं पाकीट तुमच्या नातवंडांना सापडू शकेल. डब्यात पोळी-भाजी किंवा चटणी-भाकरी न्या, पाण्याची बाटली घरची न्या, आणि जे आत नेलं ते सगळं वर आणा. दगडही उचलायचा नाही. अभयारण्यात दगड, पान, पीस काहीही नेणं कायद्याने मना आहे. कुणी ‘अशनीचा तुकडा’ म्हणून विकत देऊ लागला तर हसून पुढे जा. अशनी आदळला तेव्हाच त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन गेला. लोहचुंबकाला चिकटतो म्हणून दगड आकाशातला ठरत नाही. आपल्या काळ्या कातळात लोहखनिज असतंच, खात्री करायची तर तुमच्या गावच्या ओढ्यातल्या वाळूत चुंबक फिरवून बघा.

पालकांसाठी दोन शब्द. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळ्यात विवरात वारा लागत नाही आणि दुपारी ते तव्यासारखं तापतं. सकाळी लवकर उतरावं आणि ऊन चढायच्या आत वर यावं. उतरताना मुलं पळत जातात, चढताना तीच मुलं ‘अजून किती?’ विचारतात, तेव्हा पाणी परतीसाठी राखून ठेवा. माणशी दोन लिटर जड वाटलं तरी न्या. टोपी, जुने पण पक्के बूट, अंगभर कपडे. लहान मुलांना एकटं सोडू नका आणि गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या. वाट तर कळतेच, शिवाय प्रत्येक देवळाची गोष्ट फुकट ऐकायला मिळते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी कडेवर आणि धारेपाशी बसावं, तिथून दिसतं तेही थोडं नाही. मुक्काम करायचा तर कडेजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, गावातही सोय होते. मुक्काम केलात तर संध्याकाळचं तळंही दिसेल, आणि ते सकाळच्या तळ्याहून अगदी वेगळं असतं.

ॲरिझोनाच्या ज्या विवराचं नाव मघाशी आलं, तिथे काय करतात सांगू? ते विवर एका कुटुंबाच्या मालकीचं आहे. लोक मोटारीने हमरस्त्यावरून येतात, तिकीट काढतात, कडेवरच्या सज्जातून खाली बघतात आणि परत जातात. तळापर्यंत उतरायची परवानगी पाहुण्यांना नसते. शिवाय ते आपल्यापेक्षा लहान आहे, व्यास १.२ किलोमीटर. म्हणजे आपलं नुसतं तळंच तेवढं!

वर आल्यावर पायांत जीव उरला असेल तर गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर चुकवू नका. लवणासुराला मारणारा तो विष्णू तो हाच. काळ्या दगडाचं, बाहेरून असंख्य कोनांचं देऊळ आहे. आत अंधार असतो, छतावर कोरीव काम आहे, तेव्हा बॅटरी न्या आणि मान दुखेपर्यंत बघा. जवळच अंबर नावाचं छोटं तळं आहे. मोठ्या विवराबरोबर पडलेलं हे धाकटं भावंड असावं, असं काहींचं म्हणणं आहे. तिथे निजलेल्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. मारुती आणि तोही झोपलेला, असा क्वचितच पाहायला मिळतो.

परतीची बस जालन्याकडची असेल तर खिडकीची जागा धरा. वाटेत सिंदखेड राजा लागतं. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म इथे झाला, लखुजी जाधवांचा वाडा अजून उभा आहे. वेळ असेल तर उतरून पाहून घ्या आणि पुढची बस पकडा. नेहमीच्या दिवशी फारशी गर्दी नसते. १२ जानेवारीला मात्र एसटीत उभं राहायलासुद्धा जागा मिळणार नाही.